एकोणीस शिक्के

निपाणीच्या आमच्या शाखेत नोव्हेंबर महिना माझ्या कपाळी लिहिलेला होता. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच पेन्शनर यायला लागत. ज्याला आपण दरमहा पैसे देतो तो माणूस अजून जिवंत आहे ना, याची सरकारला वर्षातून एकदा खात्री करून घ्यायची असते. ती खात्री द्यायचं काम बँकेचं, आणि बँकेत ते काम माझं. त्या कागदाचं नाव हयातीचा दाखला. माणसानं समोर उभं राहून सही करायची, मी त्याच्याकडे एकदा बघायचं, खाली सही करायची आणि शिक्का मारायचा. फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि कन्नडमध्ये असे आणि येणारे बहुतेक सगळे मराठी बोलणारे. तेव्हा फॉर्म भरणंही माझ्याच कपाळी.

मी मूळची बेळगावची. वडील हेडमास्तर, आई शिक्षिका, त्यामुळे दुसऱ्याच्या कागदातली चूक लाल शाईनं गोल करायची हौस रक्तातूनच आलेली. बढती घेतली की बदली होते, म्हणून बढती नाकारत नाकारत मी त्याच खुर्चीवर वीस-बावीस वर्षं काढली. सुरुवातीला तंबाखूच्या वासानं शिंका यायच्या. नोटांनासुद्धा तो वास असे. पुढे सवय झाली आणि सुट्टीला बेळगावला गेलं की तिथली हवाच मला अळणी वाटायला लागली.

जवळच्या एका गावातून माजी सैनिकांचा टेंपो यायचा. सगळ्यांनी एकाच दिवशी यायचं हा त्यांचा रिवाज. दिवस ठरवायचे ते एक निवृत्त सुभेदार. ते ड्रायव्हरशेजारी बसून येत, उतरल्यावर माणसं मोजत आणि मग सगळे हुद्द्याप्रमाणे रांगेत उभे राहत. पुढे सुभेदार, मग हवालदार, मग नाईक, शेवटी शिपाई. मध्ये एखादी म्हातारी किंवा शिक्षक घुसला तर त्यांना जागा देत, पण आपापसातला क्रम मोडत नसत. दाखले झाले की स्टँडजवळच्या खानावळीत मटणाचं ताट. त्याचा खर्च दर वर्षी पाळीपाळीनं एकाच्या पेन्शनीतून. मला या लोकांचा कधी त्रास झाला नाही. सही कुठं करायची हे त्यांना दोनदा सांगावं लागत नसे.

मी त्या खुर्चीवर नवी होते त्या वर्षी रांगेत एक चौतिशीचा माणूस दिसला. उंच, काटकुळा, इस्त्रीचा शर्ट. सुभेदार कौतुकानं म्हणाले, "ह्यो आमचा नाईक. यंदाच पेन्शनीवर आलाय. जरा नीट बगा त्येचं."

मी नीट बघितलं. पेन्शनरांच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. दोनदा बोट फिरवलं, मग म्हटलं, "तुमचं नाव तर इथं..."

त्यांनी हात पुढे करून तळवा सरळ माझ्या यादीवर ठेवला. मला राग आला. कुणी माझ्या कागदावर हात ठेवलेला मला चालत नाही. पण त्यांनी मान खाली घातली होती आणि ते इतक्या हळू बोलले की मागच्या शिपायालाही ऐकू गेलं नसेल.

"न्हाय त्येच्यात. म्हाईत हाय मला. नुसता शिक्का मारा म्याडम."

मागे सात-आठ माणसं खोळंबली होती, जेवायची सुट्टी जवळ आली होती. मी शिक्का मारला आणि पोचपावती त्यांच्याकडे सरकवली. वरची अर्धी बाजू, जी पुढे पाठवायची असते, ती फाडून टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले. काउंटरवर गर्दी नव्हती.

"काल तुमी लई उपकार केलासा," म्हणाले.

"उपकार नको, कारण सांगा," मी म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. फौजेत शिपाई, नाईक, हवालदार यांना पेन्शन हवी तर पंधरा वर्षं नोकरी भरावी लागते. त्याआधी सुटलं तर एकरकमी ग्रॅच्युइटी मिळते आणि हिशेब मिटतो. हे त्यांनाही माहीत होतं. चूक झाली ती मोजण्यात. आमच्या भागात माणूस भरलेली वर्षं मोजत नाही, लागलेलं मोजतो. पोराला चौदा पुरी झाली की आई सांगते, पंधरावं लागलं. मग बघता बघता ते पोर पंधराचं होतं, लग्नाच्या बैठकीत पंधरा, जत्रेत पंधरा. लागलं म्हणजे झालंच. नाइकांना घरून एसटीडी बूथवरून फोन आला की आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, ती अंथरुणाला खिळली. घरात बायको एकटी, विड्या वळते आणि दोन लहान पोरी सांभाळते. यांनी मनाशी मोजलं. पंधरावं लागलं होतं. यांनी स्वतःहून डिस्चार्ज मागितला.

"आफिसातला बाबू म्हनला, पंधरा पूरा करके जाओ. मी म्हनलं, साब, पंधरावाँ लग गया है. त्यो हसला. मला वाटलं, खूश होऊन हसला."

"आणि सही केली त्या कागदावर काय लिहिलं होतं?"

"विंग्रजीत हुतं."

त्यांची नोकरी भरली होती चौदा वर्षं आणि दोन महिने. दहा महिने कमी. हे कळलं ते सगळी देणीघेणी चुकती होऊन हातात चेक पडल्यावर. गाडीत बसले तेव्हा घरी जाऊन खरं सांगायचं ठरवून बसले होते. पण निपाणी स्टँडवर गाव हलगी घेऊन आलं होतं. गुलाल उधळला, सुभेदारांनी हार घातला आणि म्हणाले, आता तू आमच्या पंगतीतला.

"हार गळ्यात पडल्यावं कसं सांगायचं म्याडम?"

म्हातारी दारात खाटेवर पडून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, माझा ल्योक पेन्शनीवर आलाय. ती आहे तोवर राहू दे, नंतर सांगू, असं त्यांनी ठरवलं. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मला हसू आलं आणि रागही आला. चौदा आणि पंधरा यातला फरक न कळणाऱ्या माणसाच्या हाती देशानं बंदूक कशी दिली, असंही मनात येऊन गेलं. मोठ्यानं एवढंच म्हटलं, "पुढच्या वर्षी मी असलं काही करणार नाही."

पुढच्या वर्षी मी ते केलं. त्याच्या पुढच्या वर्षीही केलं. म्हातारी वर्षाच्या आतच गेली. नंतर मोठ्या पोरीचं लग्न ठरत होतं, सोयरिकीत बाप पेन्शनर आहे असं सांगून झालं होतं. मग धाकटीचं. खरं सांगायचा दिवस पुढे पुढे जात राहिला. ग्रॅच्युइटीची त्यांनी आमच्याच शाखेत ठेव केली होती. तिचं व्याज एक तारखेला काढायचं, त्यात तंबाखूच्या वखारीतल्या वजनकाट्यावरच्या पगाराची थोडी भर घालायची आणि बायकोच्या हातावर पेन्शन म्हणून ठेवायचं. खानावळीतली पाळी आली की तेही निभावायचे. फौजेच्या कँटीनचं सामान सुभेदारांच्या कार्डावर मागवत. स्वतःचं कार्ड हरवलं आहे, दुसरं करायचं आहे, असं सांगत. वीस वर्षं ते कार्ड करायचंच होतं.

मी काही देवमाणूस नव्हे. माझ्यापुरतं मी एक समर्थन तयार केलं होतं. त्या कागदावर लिहिलेलं असे की ही व्यक्ती आज माझ्यासमोर हजर होती आणि जिवंत आहे. यात खोटं काय होतं? माणूस हजर होता, जिवंत होता. सरकारनं मला विचारलं नव्हतं एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकायला माझं काय जातं, थोडी शाई. खरं सांगायचं तर मला त्यात एक गुप्त मजाही येऊ लागली होती. आठ माणसांच्या रांगेत मी आणि तो माणूस सोडून कुणालाच माहीत नाही, या गोष्टीची मजा.

पुढे अंगठ्याचं यंत्र आलं. अंगठा टेकवला की पेन्शनचा नंबर जुळतो आणि दाखला आपोआप वर जातो. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण नाइकांनी यंत्राकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा आंगठा उठत न्हाय. वखारीत तंबाखूनं घासलाय. माझा आपला कागदच घ्या." आमच्याकडे विडी कामगार बायकांचे अंगठे खरोखरच उठत नाहीत, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. मी ड्रॉवरमधून जुना फॉर्म काढला.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावात आमच्या गल्लीत एक वकील राहतात, फौजी लोकांच्या केसेस चालवतात. एका लग्नात पंगतीला शेजारी बसले होते. मी कुणा परक्याची गोष्ट असावी तशी विचारलं. ते वाटीतला आमरस पुसता पुसता म्हणाले की पंधराला कमी पडणारी नोकरी माफ करता येते, पूर्वी सहा महिन्यांपर्यंत करत, ती मर्यादा केव्हाच एक वर्षावर गेली आहे. स्वतःहून सुटलेल्याला ऑफिस नाही म्हणतं, पण लढणाऱ्या काहींना न्यायाधिकरणानं दिली आहे. "दहा महिने कमी असतील तर प्रयत्न करण्यासारखी केस आहे. बायको हयात असेल तर नक्की करा. नवऱ्यामागं तिला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल. आणि लवकर करा, कारण जिंकलो तरी मागचे पैसे अर्ज करायच्या आधीच्या तीनच वर्षांचे मिळतात."

दुसऱ्याच आठवड्यात मी नाइकांना बोलावून घेतलं. एवढा आनंद मला स्वतःच्या कामात कधी झाला नव्हता. मी त्यांना सगळं मुद्देसूद सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागद कुटं कुटं जाईल?"

"माजी सैनिक संघटनेचं पत्र लागेल. प्रतिज्ञापत्र लागेल, की आजवर कसलीही पेन्शन घेतलेली नाही. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर रजिस्टरनं तुमच्या घरी येईल."

संघटना म्हणजे सुभेदार. रजिस्टर म्हणजे पोस्टमन, आणि गावातला पोस्टमन म्हणजे सगळं गाव.

"नगं," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि डोकं फिरलं. खरी पेन्शन मिळवायची तर खोटी कबूल करायला हवी, आणि ते या माणसाला जमणार नव्हतं. त्या वर्षीही मी शिक्का मारला, त्याच्या पुढच्या वर्षीही. दोन्ही वेळा बजावून सांगितलं, अर्ज करा. दोन्ही वेळा ते "बगू" म्हणाले. मध्ये धाकटीच्या बाळंतपणात ठेव मोडली आणि व्याज बंद झालं. आता ते वखारीत जादा पाळी करत होते. पन्नाशी उलटलेला माणूस, पोती ओढून छातीत कफ. एकदा पैसे काढायला आले तर काउंटरला धरून खोकत राहिले. मी त्यांना मागच्या व्हरांड्यात नेलं आणि तोंड सोडलं.

"उद्या तुमचं काही झालं तर त्या बाईनं काय खायचं अण्णा? तुमची अब्रू?"

"तिला विडीची पेन्शन यील की."

"ती किती येते मला विचारा. तिला वाटतंय तुमच्यामागं अर्धी पेन्शन आहे. ती त्या भरवशावर बसली आहे."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "मग तुमी शिक्का कशाला मारत आलासा एवडी वर्सं?"

हे मला लागलं. फार लागलं. कारण ते खरं होतं. मर्यादा वाढल्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. मी पहिल्याच वर्षी नाही म्हटलं असतं तर हा माणूस तेव्हाच उघडा पडला असता, चार दिवस गावानं चेष्टा केली असती आणि अर्ज वेळेवर गेला असता. त्या बाईच्या भाकरीवर मी दर नोव्हेंबरला गोल शिक्का मारत आले होते, आणि वर त्याची मला मजा वाटत होती.

त्या नोव्हेंबरात मी ठरवलं, शिक्का नाही. सगळ्यांसमोर तमाशा नको, हळूच नाही म्हणायचं. ते समजतील आणि बाजूला होतील, असं मला वाटलं. टेंपो आला. रांग लागली, हुद्द्याप्रमाणे. सुभेदार आता ऐंशीला टेकले होते, पण रांगेत पहिले. नाइकांचा नंबर आला, त्यांनी सवयीनं म्हटलं, "माझा कागद."

मी आवाज खाली आणून म्हटलं, "अण्णा, तुमचं इथं होत नाही. यंदापासून नाही."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. सुभेदारांचे कान अजून तिखट होते. ते वळले. "काय होत न्हाय? का होत न्हाय?"

"साहेब, ते मी त्यांच्याशी..."

"त्येच्याशी न्हाय, माझ्याशी बोला. पेन्शन बंद केलीसा काय आमच्या मानसाची?"

पाच मिनिटांत सगळी रांग काउंटरभोवती. चौदा-पंधरा वर्षं बर्फात काढलेल्या माणसाची पेन्शन बँक बंद करते म्हणजे काय? एक हवालदार मोबाइलवर व्हिडिओ काढू लागले. सुभेदार मॅनेजरच्या केबिनसमोर जमिनीवर बसले आणि त्यांच्यामागे बाकीचे बसले, तेही हुद्द्याप्रमाणे. नाइकांना हाताला धरून मध्ये बसवलं. ते बसले. मी आयुष्यात एवढा केविलवाणा चेहरा बघितलेला नाही. ते एकदाही माझ्याकडे बघत नव्हते. मॅनेजर नवे, धारवाडकडचे, मराठी बेताचं. ते कॉम्प्युटरवर शोध शोध शोधत होते आणि त्यांना काहीच सापडत नव्हतं. शेवटी "नाळे बर्री, उद्या या, उद्या बघतो" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. मटणाचं ताट त्या दिवशी राहिलं.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच दारात टेंपो उभा होता. या वेळी एक बाई सगळ्यांच्या पुढे होती. नाइकांची बायको. मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं. बुटकी, चपळ, डोक्यावरून पदर, हाताची बोटं विडी वळणाऱ्या बाईची, कधी न थांबणारी. तिनं कापडी पिशवीतून एक जुडी काढून काउंटरवर ठेवली. विड्यांचे कट्टे बांधायच्या दोऱ्यानं ती बांधली होती. माझ्या पोचपावत्या होत्या त्या. फौजेच्या काळ्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या.

"एकोनीस हायत," ती म्हणाली. "मी मोजल्यात. दर वर्साला दाखला दिलाय ह्यांनी. मग पेन्शन का अडिवली?"

सुभेदार बाकावर बसून होते. नाईक दाराशी, आत न बाहेर असे. मॅनेजर केबिनमधून बाहेर येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"मला वाचाय येत न्हाय," ती म्हणाली. "काय लिवलंय त्ये वाचून दावा ह्या सायबांना."

सगळ्यांत वरची पावती पिवळी पडली होती. माझीच सही, तरुणपणची, जरा ऐटीतली. मी मराठी करून वाचलं. "सदर व्यक्ती आज माझ्यासमोर हजर होती आणि जिवंत आहे."

"फुडं?"

"एवढंच आहे."

तिनं दुसरी पुढे केली. मी वाचली. तेच. तिसरी. तेच. ती एकेक पावती दोऱ्यातून सोडवून माझ्यापुढे ठेवत होती आणि मी वाचत होते. सहावी वाचल्यावर तिचा हात थांबला.

"सगळ्यांत ह्येच हाय?"

"सगळ्यांत हेच."

"पैशाचं कशातच न्हाय?"

"नाही."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. रागानं नाही, सोयरिकीत पोरगा दाखवायला आणला की बायका बघतात तसं, वरपासून खालपर्यंत.

"मग म्हयन्याला मला देत हुतासा ते?"

"ठेवीचं व्याज होतं," मीच सांगितलं. "ठेव मोडल्यापासून वखारीतले."

"म्हंजे तुमच्या मागं मला अर्दी बी न्हाय."

"न्हाय," नाईक म्हणाले. मी नाही म्हटल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते. मग तिथंच दाराशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. चौदा वर्षं दोन महिने, पंधरावं लागलेलं, स्टँडवरचा हार. फार वेळ लागला नाही. वीस वर्षं जे सांगता आलं नव्हतं ते पाच मिनिटांत संपलं.

मी अर्जाचं सांगितलं. वर्षापर्यंतची तूट माफ होऊ शकते, लढावं लागेल, खात्री नाही, पण आशा आहे.

ती माझ्याकडे वळली. "ह्ये तुमास्नी कवापास्नं म्हाईत हाय?"

"तीन वर्षं."

"आनि मला कोन सांगनार हुतं?"

मी पावत्या गोळा करून परत दोऱ्यात बांधायला लागले.

सुभेदार बाकावरून उठले. त्यांना उठायला वेळ लागला. मला वाटलं आता ते नाइकांवर बरसणार. ते जवळ गेले आणि म्हणाले, "धा म्हयनं व्हय रं? धा म्हयन्यांसाठी वीस वर्सं?" त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, परत खिशात ठेवला. "संघटनेचं पत्र मी देतो. आजच देतो. आनि कालचं जेवान ऱ्हायलंय, चला."

खानावळीत गेले सगळे. नाइकांच्या बायकोलाही नेलं. इतक्या वर्षांत त्या पंगतीला बाई बसल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मला मेमो मिळाला. ज्याचं पेन्शन खातं नाही अशा इसमास एकोणीस वेळा हयातीचा दाखला का दिला, याचा खुलासा करावा. मी खुलासा लिहिला की सदर इसम प्रत्येक वेळी माझ्यासमोर हजर होता आणि जिवंत होता. मॅनेजरनी तो वाचला, कपाळाला हात लावला आणि फाइलला लावून टाकला. मी मात्र त्यातून सुटले असं मला कधी वाटलं नाही.

अर्ज गेला. अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं की आपण स्वतःहून सेवा सोडली असल्यानं तूट माफ करता येत नाही. पोस्टमननं ते रजिस्टर पाकीट गावभर दाखवतच आणलं असणार, पण आता त्यात दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. वकिलांनी केस न्यायाधिकरणात घातली. त्यांची फी नाइकांच्या बायकोनं विडी कारखान्याच्या बोनसमधून भरली. नवऱ्याच्या हातात दिली नाही, स्वतः बेळगावला येऊन दिली. तारखा पडताहेत. वकील म्हणतात, आशा आहे. नाइकांचा खोकला वाढला आहे आणि वखार सुटली आहे. निकाल आधी लागतो की काय आधी होतं, हा विचार मी करत नाही, म्हणजे रोज करते.

गेला नोव्हेंबर माझा नोकरीतला शेवटचा. टेंपो आला. सगळ्यांत आधी सुभेदार उतरले, त्यांना दोघांनी धरलं होतं. रांग लागली. नाइकांच्या जागी नाईक होते, आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको, कारण तिची विडी कामगारांची पेन्शन सुरू झाली होती आणि तिलाही दाखला द्यायचा होता. तिचा अंगठा यंत्रावर उठला नाही. चार वेळा पुसून टेकवला, तरी नाही. मी जुना फॉर्म काढला, भरला, तिच्याकडे एकदा बघितलं, सही केली, शिक्का मारला.

ती हलली नाही. "आनि ह्यांचा?"

मला वाटलं तिला समजलं नसेल. मी म्हटलं, "आक्का, त्यांच्या दाखल्याची आता गरज नाही."

"गरज तवा तरी कुटं हुती?" ती म्हणाली. "जित्ते हायत न्हवं? मग लिवा की."

नाईक माझ्याकडे बघत होते. मागे रांग थांबली होती, कुणालाच घाई नव्हती. मी आणखी एक फॉर्म काढला आणि सगळा नीट भरला, एकही रकाना न सोडता. पावती मी नेहमीसारखी नाइकांकडे सरकवली. ती त्यांच्या बायकोनं उचलली, शाई वाळेपर्यंत हातात धरून उभी राहिली आणि मग स्वतःच्या पिशवीत ठेवली.